पान दोनशे नऊवरचा कुत्रा

सुरुवातीलाच सांगून टाकतो, मला कुत्र्यांचं प्रेम नाही आणि कुत्र्यांनाही माझ्याबद्दल काही वाटतं असं दिसलेलं नाही. तरीही गेल्या वर्षी माझ्या कार्यालयीन फायलीत 'विषय : कुत्र्याबाबत खुलासा' अशा मथळ्याचा कागद लागला. ज्या फायलीत एकोणतीस वर्षं रजेच्या अर्जांखेरीज काही नव्हतं, त्या फायलीत. आणि हे सगळं कशामुळे, तर मी एक पुस्तक चांगलं आहे असं म्हटलं म्हणून.

मी सार्वजनिक वाचनालयात बाइंडर आहे. जिन्याखालच्या खोलीत मी, एक लांब टेबल, खळीचं भांडं, दाभण, सुया आणि फाटलेली पुस्तकं असा आमचा संसार असतो. लोक पुस्तकं वाचतात म्हणजे नेमकं काय करतात, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक नसेल. पाठ मोडतात, कोपरे दुमडतात, खुणेसाठी कंगवा ठेवतात आणि मग घरभर कंगवा शोधतात. मी ते सगळं उसवतो, झाडतो, पुन्हा शिवतो आणि वर पाठवतो. या कामात मला एकच गर्व होता आणि तो मी भेटेल त्याला ऐकवत असे. माझ्या हातून आजवर एकही पान इकडचं तिकडे झालेलं नाही. गर्वाचं घर खाली असतं म्हणतात. माझी खोली तर आधीपासूनच तळमजल्यावर होती.

तर गेल्या वर्षी नव्या ग्रंथपाल मॅडम आल्या. त्यांनी दारासमोरच्या कपाटाचा वरचा कप्पा रिकामा करून त्यावर 'आमच्या पसंतीचं' अशी पाटी लावली आणि प्रत्येक कर्मचाऱ्याने वाचकांना एक पुस्तक सुचवावं असा आदेश काढला. त्यासाठी छापील नमुना होता. 'पुस्तक पूर्ण वाचले आहे काय', 'असल्यास कितव्यांदा', 'शिफारशीचे कारण, चाळीस शब्दांत'. पहारेकऱ्याने कुलपांची दुरुस्ती शिकवणारं पुस्तक सुचवलं, त्यामुळे सगळे थोडे अस्वस्थ झाले. देवघेवीच्या टेबलावर बसणाऱ्या आमच्या शिक्केवाल्यांनी बागकामावरचं सुचवलं. ते एकटे राहतात, त्यांच्याकडे एकही कुंडी नाही. कादंबरी का नाही असं मी विचारलं, तर म्हणाले, "कादंबऱ्या मी सव्विसाव्या वर्षीच सोडल्या." आणि त्यांनी पुढच्या पुस्तकावर जरा जोरातच शिक्का मारला.

मॅडम माझ्या खोलीत सगळ्यात शेवटी आल्या. टेबलावरच्या खळीकडे बघत म्हणाल्या, "तुम्ही नाही दिलंत तरी चालेल हं. तुमचं काम वेगळं."

त्या हे चांगुलपणाने म्हणाल्या. पण मला ते लागलं. एवढी वर्षं मी पुस्तकांत कमरेपर्यंत बुडालेला, आणि मला वाचता येतं की नाही याचीच लोकांना शंका. मी ताठ आवाजात एक नमुना मागून घेतला आणि 'कितव्यांदा' या रकान्यात तिथल्या तिथे 'पाचव्यांदा' असं लिहिलं.

पुस्तक कोणतं हे मला विचार करून ठरवावं लागलं नाही, कारण मी मुखपृष्ठापासून शेवटपर्यंत वाचलेली कादंबरी एकच होती. तिचं नाव मुद्दाम सांगत नाही. पुढे जे घडलं ते वाचून लेखकाच्या घरची मंडळी माझा पत्ता शोधत यायला नकोत. तिचं कव्हर हिरवं आहे, एवढं पुरे. एका भावाबहिणीत वडिलांच्या घड्याळावरून अबोला होतो आणि तो अकरा वर्षं टिकतो. शेवटी बहीण त्याच्या दाराशी येते, कडी वाजवते. तो आत बसलेला. पान दोनशे आठच्या तळाशी वाक्य आहे, 'त्याने दाराकडे पाहिलं आणि'. मग समोरचं पान, दोनशे नऊ. 'उठून कडी काढली.' मग ती आत येते, तिच्यामागून एक कुत्रा येतो, ती म्हणते, "किती वाळलात तुम्ही," आणि दोघं चहा पितात. सोळा पानं नुसता चहा आहे, पण असा चहा मी दुसऱ्या कुठल्याही पुस्तकात पाहिला नाही.

चोवीस वर्षांपूर्वी आमच्या हिचा पाय मोडला होता. दोन महिने प्लास्टर. वेळ जाईना म्हणून नुकतंच शिवून तयार झालेलं ते पुस्तक मी घरी नेलं आणि रोज संध्याकाळी तिला वाचून दाखवलं. त्या काळात ती तिच्या थोरल्या बहिणीशी बोलत नव्हती. ताई शाळेत शिकवायच्या, आणि त्यांना चूक दिसली की राहवत नाही. दुकानांच्या पाट्या, औषधाच्या बाटलीवरच्या सूचना, डॉक्टरांचं अक्षर, काही सुटत नाही. आमच्या वाचनालयातली निम्मी पुस्तकं त्यांनी पेन्सिलीने दुरुस्त करून ठेवली आहेत. या दोघींची आई गेली तेव्हा हिने ताईंना तीन पानांचं पत्र लिहिलं. मनात होतं नव्हतं ते सगळं त्यात ओतलं. ते पत्र आठ दिवसांनी परत आलं, लाल शाईने तपासून. खाली शेरा होता, 'भावना चांगल्या, मांडणी विस्कळीत.' त्यानंतर तीन वर्षं दोघींचं एकमेकींशी अवाक्षर नाही.

पान दोनशे नऊ मी वाचलं तेव्हा ही फक्त म्हणाली, पुन्हा वाचा. मी पुन्हा वाचलं. प्लास्टर निघालं त्याच दिवशी, डॉक्टर नको म्हणत असताना, ती काठी टेकत ताईंकडे गेली. तेव्हापासून आजतागायत रविवारची दुपार आम्ही ताईंकडे असतो. ताई माझ्या बोलण्यातल्या चुका काढतात आणि मी त्यांच्या चहात साखर शोधतो. पण आमची ही तिथून परतताना गाणं गुणगुणत येते, आणि ते मला त्या हिरव्या पुस्तकाने दिलं असं मी मानतो.

आता त्या पुस्तकात काही गोष्टी जराशा विचित्र होत्या, हे कबूल करतो. दोनशे आठ पानं बहीण भावाला 'तू' म्हणते आणि शेवटी एकदम 'तुम्ही'. मी हिला समजावलं होतं की अकरा वर्षं अबोला धरला की आदर वाढतो. शेवटच्या सोळा पानांत दोघांची नावं एकदाही येत नाहीत, नुसता 'तो' आणि 'ती'. त्यावर मी म्हटलं होतं, जवळच्या माणसांना नावं लागत नाहीत. आणि कुत्रा त्याआधी पुस्तकात कुठेच नाही. पण कुत्रे कुठूनही येतात, हा सगळ्यांचाच अनुभव आहे.

चाळीस शब्द लिहायला आम्हाला तीन संध्याकाळी लागल्या. कारण आमच्या घराच्या वरच्या मजल्यावरचे हेडक्लार्क. ते निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण कोणाच्याही घरी कागद-पेन निघालं की त्यांना वास येतो. त्यांनी मजकूर केला, 'सदर पुस्तक वाचनीय असल्याचे प्रथमदर्शनी आढळून येते.' शेजारच्या वहिनी म्हणाल्या, शेवट सांगू नका, कोण वाचेल मग. आमची ही म्हणाली, "शेवट सांगितल्याशिवाय रुसलेलं माणूस दोनशे पानं थांबेल कशाला? आणि तो कुत्राही घाला." शेवटी तिचंच झालं. कार्ड असं लागलं : 'कोणाशी अबोला असेल तर हे पुस्तक जरूर वाचावं. शेवटी दार उघडतं. कुत्राही फार गोड आहे. – बाइंडर.'

वाचनालयात त्या पुस्तकाच्या तीन प्रती आहेत. मी शिवलेली दुसरी. कप्प्यात ठेवताना मी तिच्या मागची तारखांची चिठ्ठी सहज पाहिली. चोवीस वर्षांत सहा शिक्के, त्यातले पाच माझे. सहावा आमच्या पहिल्या वाचनानंतर महिन्याभराचा, कोणाचा कोण जाणे. दुसऱ्या दिवशी सकाळी कप्पा रिकामा. पुस्तक गेलं होतं. माझ्या सुचवण्यावरून कोणीतरी पुस्तक नेलं, या आनंदात मी त्या दिवशी खळ जरा पातळच केली. आठवड्याभरात राहिलेल्या दोन्ही प्रतीही गेल्या, पुढे नावांची यादी लागली. मला दाखवून लोक एकमेकांना सांगू लागले, हेच ते. मी जिन्यावरून जाताना जरा सावकाश जाऊ लागलो.

पंधराव्या दिवशी सूचना-तक्रार वहीत पहिली नोंद पडली. 'कार्डावर कुत्रा आहे, पुस्तकात नाही.'

मी हसलो. म्हटलं, घाईघाईत वाचलं असेल. दुसरी नोंद चार दिवसांनी आली, 'कुत्रा आढळला नाही, कृपया पान क्रमांक द्यावा.' तिसरी नोंद करायला माणूस स्वतः माझ्या खोलीत आला. कोपऱ्यावरचा शिंपी. पुस्तक त्याने रुमालात गुंडाळून आणलं होतं. तो खुर्चीवर बसला आणि शांतपणे म्हणाला, "माझं भावाशी सहा वर्षं वाकडं आहे. तुमचं कार्ड वाचून नेलं. शिवणकाम बाजूला ठेवून वाचलं. दार काही उघडत नाही हो साहेब."

मला 'साहेब' कोणी म्हणत नाही, त्यामुळे ते आणखीच लागलं. मी पुस्तक उघडलं. पान दोनशे आठ. 'त्याने दाराकडे पाहिलं आणि'. शेजारी दोनशे नऊ. 'समोरचा दिवा मालवला.' बहीण बाहेर थोडा वेळ उभी राहते आणि निघून जाते. पुढची पंधरा पानं ती परत चालत जाते. कुत्रा नाही, चहा नाही. शिंप्याने पुस्तक माझ्याकडे ठेवलं, रुमाल घडी करून खिशात घातला आणि तो गेला. त्याच्या पाठीकडे बघवलं नाही मला.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी खुलासा मागितला. लेखी, पंधरा दिवसांत. त्यांचा चेहरा मला वाचता येत होता. या माणसाने पुस्तक वाचलेलंच नाही, आणि वर 'पाचव्यांदा' लिहिलं आहे. घरी हेडक्लार्क तयारच होते. ते म्हणाले, मान्यही करायचं नाही आणि अमान्यही, 'कुत्रा नव्हता असे म्हणता येणार नाही' असं लिहा. वहिनींचं मत पडलं की कुत्रा हे प्रतीक आहे असं लिहावं, मग पुढे कोणी विचारत नाही. वाचनालयात पहारेकरी म्हणाला, पानं कोणीतरी फाडली असणार, आणि त्याने माझ्याकडे संशयाने पाहिलं. आमची ही तेवढी शांत होती. ती म्हणाली, "आहे तर आहे. तो पांढराशुभ्र कुत्रा मला आजही दिसतो. दुसऱ्यांच्या प्रती खराब असतील."

मला ते पटलं. तिसरी प्रत परत आली होती, तीही मी तपासली. तिच्यातही दिवाच मालवला जात होता. म्हणजे दोन प्रती एकीकडे आणि माझी एकटी एकीकडे. शहाण्या माणसाने इथेच ओळखलं असतं. पण मी एकोणतीस वर्षांचा गर्व घेऊन बसलेला. मी ठरवलं की बहुमताने सत्य ठरत नाही, छापखान्याने दोन प्रतींचा घोळ केला आहे. प्रकाशकाला कडक पत्र लिहिलं. ते 'पत्त्यावर कोणी नाही' असा शेरा घेऊन परत आलं. आता एकच पुरावा उरला होता, प्रत क्रमांक दोन. ती कोणी नेली हे शिक्केवाल्यांच्या वहीत होतं, आणि वही माझ्यापासून हातभर अंतरावर होती. पण शिक्केवाले म्हणाले, वाचकाचं नाव गोपनीय असतं, अर्ज करा. मी अर्ज केला. तो मॅडमकडे गेला, त्यांनी 'योग्य ती कार्यवाही व्हावी' असं लिहून तो शिक्केवाल्यांकडे पाठवला. शिक्केवाल्यांनी तो आवक वहीत चढवला, मग वही माझ्याकडे फिरवली आणि नाव एका बोटाने दाखवलं.

ते ताईंचं होतं.

त्या रविवारी मी ताईंकडे नेहमीपेक्षा लवकर निघालो. हिला काही सांगितलं नव्हतं. म्हटलं, ताईंच्या घरात, ताईंच्या देखत, हिच्या समोर पुस्तक उघडायचं आणि कुत्रा दाखवायचा. ताईंकडून एकदा तरी 'बरोबर' असं ऐकायचं होतं मला. तिसरा जिना चढताना मी तो प्रसंग मनात दोनदा घोळवला.

ताईंनी माझं बोलणं पुरतं ऐकून घेतलं. कार्ड, शिंपी, खुलासा, सगळं. मध्ये एकही चूक काढली नाही, तेव्हाच मला काही तरी बिनसल्यासारखं वाटायला हवं होतं. त्या उठल्या, कपाट उघडलं आणि हिरवं पुस्तक माझ्यासमोर ठेवलं. वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं होतं.

"दोनशे नऊच्या तळाशी बघा," त्या म्हणाल्या. "अगदी खाली. चष्मा लावून."

पुस्तक सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांनी बनतं. प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानाच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत, फर्म्याचा क्रमांक आणि पुस्तकाचं आखूड नाव छापलेलं असतं. ते फक्त बाइंडरसाठी असतं. जगात दुसरं कोणी ते वाचत नाही. मी चष्मा लावून वाचलं. क्रमांक चौदा, बरोबर. नाव दुसऱ्याच पुस्तकाचं.

त्याच प्रकाशकाची, त्याच मापाची, त्याच टाइपातली एक विनोदी कादंबरी आमच्याकडे आहे. बायको रुसून जाते आणि शेवटी कुत्रा घेऊन परत येते. चोवीस वर्षांपूर्वी दोन्ही पुस्तकं एकाच दिवशी माझ्या टेबलावर उसवलेली पडली होती, आणि दोन्हींचे शेवटचे फर्मे मी एकमेकांत बदलले होते. पाठीची शिवण माझी, दोऱ्याची गाठ माझी. म्हणजे 'तुम्ही' म्हणणारी ती बहीण नव्हतीच, दुसऱ्याच कोणाची तरी बायको होती. आणि मी त्यावर चोवीस वर्षं आदराची भाषणं दिली होती.

ही माझ्या खांद्यावरून वाचत होती. मग ताईंकडे वळून म्हणाली, "तुला कधी कळलं?"

"तू सांगितलंस तेव्हाच. पहिली प्रत मी आधी वाचली होती. तू गेल्यावर जाऊन दुसरी आणली आणि पाहिलं."

"चोवीस वर्षं? आणि तू एक शब्द बोलली नाहीस? तू?"

ताई खिडकीकडे बघत होत्या. "तू मोडका पाय घेऊन तीन जिने चढून आली होतीस," त्या म्हणाल्या. "त्या पत्राचं मला नंतर फार लागून राहिलं होतं गं. मला रडता येत नव्हतं, म्हणून मी ते तपासत बसले. पण तुझ्या दाराशी येणं मला सुचलंच नाही. तू आलीस, तेही एका चुकीवरून. मग ती चूक मी कशी काढणार?" मग त्या म्हणाल्या, "आता हे कार्ड लागलं. म्हटलं, दहा लोक नेतील, कोणीतरी शोधून काढेल. म्हणून पहिल्याच दिवशी घेऊन आले, लपवायला."

आणि त्यांनी ती प्रत लपवली म्हणूनच लोकांच्या हाती पहिली आणि तिसरी प्रत पडली. ताईंनी आयुष्यात एकदाच चूक झाकायला घेतली आणि तिचा असा बोभाटा झाला. सवय नसली की असं होतं.

ही कपबशा घेऊन आत गेली. नळ बराच वेळ वाहत होता. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. मी घाबरत विचारलं, काय झालं. ती म्हणाली, "दाराचं मी समजू शकते. पण कुत्रासुद्धा नव्हता?" आणि पुन्हा रडायला लागली. तेव्हा ताई उठून तिच्याजवळ जाऊन बसल्या. मी जिन्यात जाऊन उभा राहिलो, कारण तिथे माझं काही काम नव्हतं.

सोमवारी मी खुलासा दिला. हेडक्लार्कांना न दाखवता, एका वाक्यात. 'चूक माझी आहे.' मॅडमनी दोन्ही पुस्तकं मागवून पाहिली आणि नियमाप्रमाणे हुकूम काढला. सदोष प्रती उसवून ज्याचा फर्मा त्याला लावावा, दोन दिवसांत.

विनोदी कादंबरी आणायला मी शिक्केवाल्यांकडे गेलो. त्यांनी कारण विचारलं, मी सांगितलं. त्यांचा शिक्का हवेतच राहिला. म्हणाले, "म्हणजे तो शेवटी दिवा मालवत नाही?" सव्वीस वर्षांचे असताना त्यांनी ते पुस्तक वाचलं होतं. एक मुलगी होती, रुसून गेलेली, तिला ते दुसऱ्या दिवशी आणायला जाणार होते. एवढं हसवून हसवून पुस्तक जर शेवटी दिवाच मालवत असेल, तर जायचं कशाला, असं त्यांना वाटलं. ते हे काही दुःखाने सांगत नव्हते, गाडी चुकल्याचं सांगावं तसं सांगत होते. मी प्रत क्रमांक दोन त्यांच्यापुढे ठेवली. समोर रांग असताना त्यांनी उभ्याउभ्या सोळा पानं वाचली. मग म्हणाले, "बरा आहे शेवट," आणि रांगेतल्या पुढच्या माणसाला हाक मारली. एका दोऱ्याने मी एक दार उघडलं आणि त्याच दोऱ्याने एक लावलं. त्यानंतर मी त्यांना एक कुंडी नेऊन दिली. एवढंच सुचलं.

खोलीत येऊन मी दाभण हातात घेतलं. शिवण उसवायला मला दोन मिनिटं लागतात. अर्धा तास मी नुसता बसून होतो. मॅडम दारात कधी येऊन उभ्या राहिल्या, कळलं नाही. त्यांनी विचारलं, झालं का. मी नाही म्हटलं. मग त्यांनी विचारलं नाही तरी मी सगळं सांगितलं. पत्र, लाल शाई, काठी, तीन जिने. त्या म्हणाल्या, "विनोदी पुस्तक दुरुस्त करायलाच हवं." मी मान हलवली. हिरवं पुस्तक त्या तपासणीसाठी घरी घेऊन गेल्या.

बुधवारी ते माझ्या टेबलावर परत आलं. सोबत पुस्तकांच्या दाखल वहीचा उतारा होता. प्रत क्रमांक दोनच्या समोर, शेऱ्याच्या रकान्यात, मॅडमच्या अक्षरात लिहिलं होतं, 'या शेवटाची ही एकच प्रत. जपून वापरावी.' विनोदी कादंबरीच्या शेवटच्या सोळा पानांच्या छायाप्रती मॅडमनी दुसऱ्या वाचनालयातून आणवल्या होत्या, त्या मी तिला शिवून लावल्या. उताऱ्याखाली त्यांनी मला एक ओळ लिहिली होती : 'कार्डावर मात्र खरं लिहा.'

खरं लिहायचं म्हणजे माझा गर्व चारचौघांत टांगायचा. मला दोन दिवस पेन उचलवेना. शेवटी हीच म्हणाली, द्या इकडे, आणि तिने एका बैठकीत लिहून टाकलं. 'कोणाशी अबोला असेल तर प्रत क्रमांक दोनच मागावी. लेखकाच्या पुस्तकात दार उघडत नाही, या प्रतीत उघडतं. ही बाइंडरची चूक आहे. पान दोनशे नऊवर पांढराशुभ्र कुत्रा आहे.' मी खाली सही केली, पूर्ण नावानिशी.

पहिला नंबर शिंप्याचा लागला. तो पुस्तक घेऊन गेला आणि मुदत टळली तरी आणेना. मी रोज दाराकडे बघत होतो. बाराव्या दिवशी पुस्तक परत आलं. आणून देणारा माणूस वेगळा होता, पण नाक तेच. तो तक्रार वही मागून तिथेच बसला आणि त्याने काळजीपूर्वक नोंद केली. खाली दोन सह्या होत्या, एक आधीच एका चिठ्ठीवर आणलेली, ती त्याने वहीत चिकटवली. तक्रार अशी होती : 'कार्डावर कुत्रा पांढरा म्हटला आहे. पुस्तकात तो तपकिरी आहे. आम्ही दोघांनी मिळून तपासले.'

मी पान उघडून पाहिलं. तपकिरीच होता. पाच वेळा मीच मोठ्याने वाचलेला, तपकिरी. चोवीस वर्षं आमच्या हिच्या डोळ्यांसमोर तो पांढरा का राहिला, देव जाणे. मी पेन घेऊन वर गेलो, म्हटलं एक शब्द खोडून टाकू, पुन्हा खुलासा नको.

कप्प्यासमोर ताई उभ्या होत्या. त्यांनी पिशवीतून लाल पेन काढलं होतं, टोपण उघडलं होतं, आणि पेनाचं टोक 'पांढराशुभ्र' या शब्दापासून बोटभर अंतरावर होतं. मी खांबाआड थांबलो. त्यांनी ते अक्षर ओळखलं होतं. लहानपणी त्यांनीच ते गिरवून घेतलं होतं. बराच वेळ त्या तशाच उभ्या राहिल्या. मग त्यांनी टोपण लावलं, पेन पिशवीत टाकलं आणि सावकाश जिना उतरून गेल्या.

मीही माझं पेन खिशात ठेवलं. खुलासा मी संध्याकाळी लिहिला. या खेपेला हेडक्लार्कांची मदत घेतली.